बापाचा फोन की पोराचा फोन?

दहावीचा निकाल लागला की दरवर्षी घराघरात, लग्नकार्यात, कंपनीच्या बसमध्ये एकच वाद सुरू होतो, पोराला फोन घ्यायचा का नाही. एक पार्टी म्हणते फोनने पिढी वाया गेली, दुसरी म्हणते आता जमानाच तसा आहे, वर्गात सगळ्यांकडे आहे, आपलंच पोरगं मागे कशाला ठेवायचं. ऑस्ट्रेलियाचा १६ वर्षांखालच्या मुलांचा सोशल मीडिया कायदा १० डिसेंबर २०२५ ला लागू झाला तेव्हापासून पहिल्या पार्टीला जोर चढलाय, "बघा, तिकडे पण बंदी आली". मला दोन्ही बाजूंचा वैताग येतो कारण दोघंही एका अशा घराबद्दल बोलतात जे आता महाराष्ट्रात जवळपास उरलेलंच नाही, म्हणजे जिथे पोराच्या हाताला आजवर फोन लागलेलाच नाही असं घर. माझं मत आधीच सांगून टाकतो. दहावी झाली की, म्हणजे १५-१६ व्या वर्षी, पोराला स्वतःचा, स्वस्तातला पण नवा आणि साधा स्मार्टफोन द्यावा, आणि मुलाला ज्या वयात दिला त्याच वयात मुलीलाही द्यावा. त्याआधी स्वतःचा स्मार्टफोन देऊ नये. आणि हे मी फोन चांगली वस्तू आहे म्हणून सांगत नाहीये, तर आज पोरं जो फोन वापरतायत, म्हणजे बापाचा, तो त्यांच्यासाठी जास्त वाईट आहे म्हणून सांगतोय.

आधी जरा आकडे बघू. 'असर' या शिक्षणाच्या देशव्यापी अहवालाच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या जवळपास ८९ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि ८२ टक्के मुलांना तो वापरता येत होता. देशभरातल्या खेड्यापाड्यांचे आकडे आहेत हे, पुण्या-मुंबईचे नाहीत. मग ज्यांना "नको" म्हणायचंय ते नक्की कशाला नको म्हणतायत? २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा मातीमोल झाला, आणि २०२० मध्ये शाळा बंद पडल्यावर आपणच सहावी-सातवीतल्या लेकरांच्या हातात फोन देऊन "क्लास बघ" म्हणून बसवलं. त्या वेळी सहावीत असलेली पोरं २०२५ ला दहावीचा पेपर देऊन बाहेर पडली. त्यांना फोन द्यायचा का यावर चर्चा करणं म्हणजे पाच वर्षं उशिरा केलेली चर्चा आहे. आता चर्चा व्हायला हवी ती कुणाचा फोन, कसला फोन आणि कुठल्या अटींवर, याची.

आता बापाच्या फोनमध्ये काय काय असतं ते एकदा नीट बघा. यूपीआय असतं, त्याचा पिन पोराला पाठ असतो कारण बापाला जमत नाही म्हणून रिचार्ज आणि लाइटबिल पोरगंच भरतं. मित्रमंडळाचे व्हॉट्सअॅप ग्रुप असतात, त्यात सकाळी सुविचार आणि रात्री काय येतं ते सगळ्यांना माहिती आहे. त्या फोनवरचं गूगलचं अकाउंट पंचेचाळीस वर्षांच्या बाप्याचं असतं. म्हणजे पोरगं त्यावर यूट्यूब उघडतं तेव्हा समोरच्या यंत्रणेला वाटतं की एक मोठा माणूस बघतोय, आणि ती मोठ्या माणसाला दाखवायचं तेच दाखवते. जाहिराती त्याच, सुचवलेले व्हिडिओ तेच, कर्जाच्या अॅपची नोटिफिकेशन पण तीच. गूगलचं फॅमिली लिंक आहे, त्यात कुठलं अॅप टाकायचं त्याला परवानगी देता येते, रोजचा वेळ ठरवता येतो, रात्री फोन बंद करता येतो, पण ते चालतं पोराच्या स्वतःच्या अकाउंटवर. इन्स्टाग्रामने फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतात टीन अकाउंट आणली, अनोळखी माणसाला मेसेज करता येत नाही, सोळाच्या आतल्या मुलाला सेटिंग ढिली करायला पालकांची परवानगी लागते, पण तीही खरं वय टाकलं तरच. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने १८ खालच्या प्रत्येकाला मूल धरलंय आणि त्याचा डेटा घ्यायला पालकांची संमती लागेल असं म्हटलंय. हे सगळं संरक्षण, कमी-जास्त जेवढं काही आहे तेवढं, मूल म्हणून नोंदलेल्या मुलासाठी आहे. बापाच्या फोनवर गुपचूप बसलेलं मूल यातल्या कशातच मोजलं जात नाही. "आम्ही पोराला फोन दिलेला नाही" असं अभिमानाने सांगणाऱ्या घरांत मला हीच सगळ्यात मोठी फट दिसते.

दुसरी गोष्ट, कामाची. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश अख्ख्या राज्यात ऑनलाइन झाला, आधी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती एवढ्याच भागात होता. माझ्या ओळखीतल्या एका मुलीची गोष्ट सांगतो. वडील चाकणच्या एमआयडीसीत सेकंड शिफ्टला, शॉपफ्लोअरवर फोन न्यायचा नाही म्हणून फोन लॉकरमध्ये. मुलगी गावातल्या नेट कॅफेत फॉर्म भरायला बसलेली, ओटीपी जातोय लॉकरमधल्या फोनवर, दहा मिनिटांनी तो बाद, परत पाठव, परत बाद. कॅफेवाल्याने शेवटी स्वतःचाच नंबर टाकून दिला. म्हणजे तिच्या प्रवेशाचा, पुढच्या फेऱ्यांचा, लॉगिनचा मालक कॅफेवाला. असं गावोगाव होतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. पुढे महाडीबीटीची स्कॉलरशिप, डिजिलॉकर, सीईटीचा फॉर्म, हॉल तिकीट, सगळीकडे नंबर लागतो. सिम १८ खाली मिळत नाही, ते आईबापाच्याच नावावर घ्यावं लागतं, घ्या. पण नंबर पोराच्या हातात असू द्या.

यावर कुणी म्हणेल की ओटीपीच हवा ना, मग बटणाचा फोन द्या हजार-दीड हजाराचा. हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. बारा-तेरा वर्षांच्या पोराला क्लासहून "मी निघालो" एवढं सांगण्यापुरता फोन हवा असेल तर बटणाचाच द्यावा, त्यात काही कमीपणा नाही. पण अकरावीतल्या पोराला लेक्चर बघायचं असतं, नोट्सची पीडीएफ उघडायची असते, कॉलेजच्या ग्रुपवर उद्या प्रॅक्टिकल आहे का ते बघायचं असतं. त्यासाठी ते परत बापाच्या फोनकडेच वळणार. सरकारचं पण बघा, महाज्योती या सरकारी संस्थेने ओबीसी पोरांना सीईटी-नीटच्या तयारीसाठी टॅब आणि डेटा दिला, म्हणजे पडद्याशिवाय ही तयारी होत नाही हे राज्याने स्वतः मान्य केलंय. ज्यांना ती योजना मिळाली नाही त्यांनी काय करायचं?

विरोधातला सगळ्यात मोठा मुद्दा अर्थातच रील्स. मी तो पूर्ण मान्य करतो. त्याच 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत, फोन वापरता येणाऱ्यांपैकी आधीच्या आठवड्यात फोन अभ्यासासाठी वापरला असं सांगणारी मुलं ५७ टक्के होती आणि सोशल मीडियासाठी वापरला म्हणणारी ७६ टक्के. तेव्हा "पोरगं फोनवर अभ्यास करतंय" ही समजूत आईबापांनी सोडून द्यावी. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पांघरुणात फोन, सकाळी डोळे लाल, पहिल्या तासाला डुलक्या, हे शिक्षकांना विचारा, ते रोज बघतात. पैसे लावून खेळायच्या गेमपायी घरं उठली, म्हणून तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला त्यावर बंदीचा कायदा करावा लागला. हे धोके काल्पनिक नाहीत, आणि जे लोक "काही होत नाही हो, पोरं हुशार असतात" म्हणतात ते मला विरोधकांपेक्षा जास्त बेजबाबदार वाटतात. पोरं हुशार असतातच, पण समोर त्यांच्या हुशारीवर मात करायला पगार घेऊन बसलेली इंजिनिअर मंडळी आहेत.

पण हे सगळं मान्य करून मी एकच विचारतो. पांघरुणातला तो फोन कुणाचा असतो? बऱ्याच घरांत तो आईचाच असतो, ती झोपल्यावर उशाखालून काढलेला. गेममध्ये उडालेले पैसे कुणाच्या खात्यातून गेले? बापाच्या, कारण खातं त्या फोनला जोडलेलं होतं. पोराच्या स्वतःच्या फोनला बँक खातं जोडायचंच नाही, फार गरज पडली तर यूपीआय सर्कल आहे, त्यात प्रत्येक पेमेंटला आईबापाने हो म्हटल्याशिवाय पैसे जात नाहीत अशी सोय आहे. रात्री दहाला सगळ्यांचे फोन बैठकीच्या खोलीत चार्जिंगला, हा नियम पोराच्या फोनला लावता येतो. बापाच्या फोनला पोराने कसा लावायचा? आमच्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधायचे आणि काठावर काका उभे असायचे. पोराला विहिरीपासून लांब ठेवणारं घर आणि डबा बांधून उतरवणारं घर, दोन्ही पोराच्या काळजीनेच तसं वागत होती, पण पोहायला दुसऱ्या घरातलीच पोरं शिकली. आणि तो डबा प्रत्येकाच्या पाठीवर वेगळा बांधावा लागतो.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण देणाऱ्यांना एक विनंती, कायदा काय म्हणतो ते तरी वाचा. त्यांनी १६ खालच्या मुलांना सोशल मीडियाचं अकाउंट ठेवायला बंदी केलीय, फोन बाळगायला नाही. आणि दंड आहे तो कंपन्यांना, पोरांना नाही की त्यांच्या आईबापांना नाही. म्हणजे तिथल्या सरकारने वस्तू आणि तिच्यावरचा धंदा यांत फरक केला. आपल्याकडे वादात हा फरक पार पुसला जातो आणि सगळा राग हातातल्या डबड्यावर निघतो. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालाचंही तेच, तो शाळेतल्या वापराबद्दल बोलतो, वर्गात फोन नको याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, पण त्यावरून घरीही नको असा निष्कर्ष काढता येत नाही.

महाराष्ट्रातलीच दोन गावं बघा. यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, १८ खालच्या मुलांना मोबाईल बंद. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने वेगळं केलं. तिथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास अख्ख्या गावात टीव्ही बंद, मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. दोन्ही गावांची तळमळ खरी आहे, मला दोघांबद्दलही आदर आहे. पण वडगावची रीत मला जास्त पटते. कारण तिथे टीव्हीसमोर बसलेल्या आजीला आणि व्हॉट्सअॅप बघणाऱ्या बापालाही तोच भोंगा लागू आहे. फक्त पोरांवर बंदी घालायची आणि आपण मात्र जेवतानाही एका हाताने स्क्रोल करत राहायचं, अशी बंदी कुठलं पोरगं मनापासून मानेल? शिवाय कागदावरच्या बंदीचं काय होतं ते आपण गुटख्यात बघितलंय. राज्यात २०१२ पासून बंद आहे, कुठल्याही टपरीवर जाऊन विचारा.

आता मुलींबद्दल, कारण मला यावर सगळ्यात जास्त बोलायचंय आणि वादात सगळ्यात कमी बोललं जातं ते यावरच. 'असर'ची २०२३ ची पाहणी १४ ते १८ वयाच्या मुलांची होती. ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो त्यांच्यातल्या ४३.७ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींकडे १९.८ टक्के. निम्म्याहून कमी. म्हणजे "पोरांना फोन द्यावा का" हा वाद आपण सगळ्या पोरांबद्दल घालत नाहीच, भावाला कधीच मिळालाय, थांबलीय ती बहीण. भाऊ नववीत असताना क्रिकेटच्या स्कोअरसाठी फोन घेतो आणि बहीण बारावीला असताना त्याच्याकडे मागून लेक्चर बघते, ते पण तो शेजारी उभा राहून "झालं का" विचारत असताना. २०१९ मध्ये गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात एका समाजाने लग्न न झालेल्या मुलींना मोबाईल बंदीचा ठराव केला तेव्हा आपण इथे बसून नाक मुरडलं, पण ठराव न करता तेच किती घरांत चालतं?

यावर येणारं उत्तर मला माहिती आहे, आणि ते सांगणारी आई खोटं बोलत नसते. मुलीला अनोळखी माणसं मेसेज करतात, फोटो उचलून त्याचं काहीतरी करतात, नंबर फिरतो, बदनामी झाली तर सोसावी तिलाच लागते. ही भीती खरीखुरी आहे. पण ब्लॅकमेल चालतं कशाच्या जोरावर? "घरी सांगेन" या दोन शब्दांच्या. ज्या मुलीकडे चोरून वापरलेला फोन आहे, मैत्रिणीच्या फोनवरचं लपवलेलं अकाउंट आहे, कुणीतरी घेऊन दिलेला आणि दप्तराच्या तळाशी ठेवलेला हँडसेट आहे, ती घरी सांगूच शकत नाही, कारण पहिला गुन्हा तिचाच ठरणार. जिच्या हातात आईने बाजारात जाऊन घेऊन दिलेला फोन आहे ती निदान त्याच संध्याकाळी आईला स्क्रीन दाखवू शकते, आणि मग दोघी मिळून १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला फोन करू शकतात. अट एकच, सांगितल्यावर फोन काढून घ्यायचा नाही. तो काढून घेतला की पुढच्या वेळी ती सांगणार नाही.

आपल्याला हे सगळं नवीन नाहीये. १८४८ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली त्या काळात बाईने लिहिलेल्या-वाचलेल्या अक्षरांच्या अळ्या होऊन नवऱ्याच्या ताटात पडतात असं लोक बिनदिक्कत सांगायचे. मुलगी चिठ्ठ्या लिहील ही भीती त्यामागे होती, आणि खरं सांगायचं तर काही मुलींनी लिहिल्याही असतील. म्हणून शाळा चूक होती का? सायकलचं तेच. बिहारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली आणि हायस्कुलातल्या मुली वाढल्या, आपल्याकडेही सरकारच्या मानव विकास योजनेत मिळालेल्या सायकलींवर मुली पाच-पाच किलोमीटर शाळेला जातात. रस्त्यावर टवाळ पोरं आहेत म्हणून सायकल परत घ्या असं आज कुणी म्हणत नाही, टवाळांचा बंदोबस्त करा म्हणतात. फोन आणि अक्षर एकच आहे असं मी म्हणणार नाही, शाळेच्या पुस्तकामागे तुम्हाला तिथेच खिळवून ठेवणारी कंपनी बसलेली नव्हती. पण मुलींच्या बाबतीत जी भीती पुढे केली जाते तिची जात मात्र तीच आहे, आणि ती भीती प्रत्येक वेळी मुलीच्याच हातातली वस्तू काढून घेते.

राहिला पैसा. शेतमजूर किंवा सिक्युरिटीवाल्या माणसाला दहा हजार म्हणजे महिन्याचा पगारच जवळपास, तेव्हा "स्वस्त" हा शब्द मी जपून वापरतोय. पण तालुक्याच्या मोबाईल शॉपीत जून-जुलैत उभं राहून बघा काय विकलं जातं ते. मुलगा कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारतो, बाप इएमआय किती ते विचारतो, आणि "याला सिक्युरिटी अपडेट किती वर्षं येणार" हा प्रश्न कुणीच विचारत नाही, दुकानदारालाही उत्तर माहिती नसतं. स्वस्त फोनची खरी किंमत तिथे दडलेली असते. अपडेट बंद झालेला फोन दोन वर्षांत उघड्या दारासारखा होतो. त्यातून बऱ्याच स्वस्त हँडसेटमध्ये आधीपासून वीस-पंचवीस अॅप भरलेली असतात आणि लॉक स्क्रीनवरच जाहिराती आणि व्हिडिओ सुरू असतात, म्हणजे फोन उघडायच्या आधीच पोराचं लक्ष गेलं. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांच्या पोरांना शांत फोन मिळतो आणि ज्यांच्याकडे नाही त्यांच्या पोरांना गोंगाटाचा, हा अन्याय मला फार टोचतो. तेव्हा घेताना कॅमेरा सोडा, ४ जीबीच्या खाली रॅम नको, अपडेट किती वर्षं ते कंपनीच्या साइटवर बघून घ्या, घरी आल्यावर लॉक स्क्रीनच्या जाहिराती सेटिंगमध्ये जाऊन बंद करा आणि नको ती अॅप पोराला शेजारी बसवून काढून टाका. दहा-अकरा हजारांतही चांगलं मिळतं, सॅमसंगने २०२५ मध्ये ए०६ फाइव्ह-जी साधारण साडेदहा हजारांत आणला तेव्हा ४ वर्षांच्या अपडेटचं वचन दिलं होतं, मग बाकीच्यांना का जमू नये? सेकंडहँड घेणार असाल तर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काढा आणि केवायएम (KYM) लिहून, पुढे तो नंबर टाकून १४४२२ ला मेसेज करा, फोन चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर कळतं. आणि कृपा करून "नव्वद टक्के पाड, मग फोन" असा सौदा करू नका. बक्षीस म्हणून मिळालेल्या फोनवर नियम लावायला गेलं की पोरगं म्हणतं, मी कमावलाय. त्याचं बरोबरच असतं.

सरकारकडून एक गोष्ट हवी, ती मागितली पाहिजे. युरोपियन युनियनमध्ये २० जून २०२५ पासून नियम आहे की फोनचं मॉडेल विकायचं थांबवल्यावरही किमान ५ वर्षं अपडेट द्यायला हवेत. आपल्याकडे फ्रिजवर स्टार असतात, औषधावर एक्स्पायरी असते, तशी फोनच्या खोक्यावर "अपडेट अमुक सालापर्यंत" ही ओळ मराठीत आणि मोठ्या अक्षरात छापायला लावा, आणि लॉक स्क्रीनवरच्या जाहिराती खोक्यातून काढल्यापासून बंदच असतील असा नियम करा, ज्याला हव्यात तो चालू करेल. यात कुठलं तंत्रज्ञान लागत नाही. मुलांच्या मोबाईलबद्दल भाषणं करणाऱ्या आमदार-खासदारांना या जूनमध्ये एवढंच विचारा, की या दोन ओळींचा आदेश कधी काढताय.